मागच्या दाराची माणसं

आमच्या मांडवगण फराट्यात पाणी म्हणजे भीमा. लाईट आली की मोटर चालू करायची, उसाला पाणी द्यायचं आणि धरणातून आवर्तन कधी सुटणार यावर पारावर वाद घालायचा. समुद्राशी आपला संबंध काय, असं इथल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. पण संबंध आहे, आणि तो थेट भीमेच्या उगमापाशीच टांगलेला आहे.

भीमाशंकरला देवळासमोर एक भलीमोठी घंटा आहे. तिच्यावर १७२९ साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी घाटावर आणल्या, त्यांतलीच ही. म्हणजे जेमतेम दहा वर्षं पाद्र्यांची चाकरी, आणि पुढची सगळी महादेवाच्या अंगणात. इतक्या वर्षांत तिनं कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.

ती जिथून आली ते गाव मात्र बघण्यासारखं. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांनी तटाच्या आत अख्खं शहरच वसवलं. आजही आत फिरताना छप्पर उडालेली चर्चं एकामागून एक लागतात. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ज्याचा त्याचा मठ वेगळा आणि सगळे हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे एका गावात दोन विकास सोसायट्या झाल्या तर भावकी एकमेकांच्या लग्नाला जात नाही. हे लोक दोनशे वर्षं कसे नांदले असतील!

शहराला दरवाजे दोन, एक समुद्राकडचा आणि एक जमिनीकडचा. समुद्राकडच्या दारातून सगळा थाट चालायचा. गलबतं यायची, हुकूम यायचे, इथला दगड गोव्याच्या चर्चांसाठी जायचा. समुद्राकडचं दार म्हणजे पुढचं दार. मागचं दार आमच्या बाजूचं. आणि घात झाला तो मागूनच. उत्तरेकडच्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग पेरले, सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मे महिन्यात शहर शरण आलं. बायकामुलांना सामानसुमानासह सुखरूप जाऊ दिलं, हे आमच्या बाजूनं सांगायलाच हवं.

खरी गंमत पुढे मुंबईत. वसई पडल्याचं ऐकून तिथल्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांच्या कोटाला तट होता, पण खंदक नव्हता. व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली आणि खणायला सुरुवात झाली. तिकडे कलकत्त्यातही १७४२ साली मराठ्यांच्याच धास्तीनं खंदक खणला, त्याचं नावच ‘मराठा डिच’. दोन्हीकडे इतकी तयारी केली, आणि आपली मंडळी दोन्हीकडे फिरकलीच नाहीत. पाहुण्यांनी असं करू नये.

१८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं मुंबईचा तट पाडला, खंदक बुजवला. मग घाटावरची माणसं निवांत आली, वळकटी घेऊन, गिरणीत आणि गोदीत कामाला. आता फोर्टात नोकरी करणारा गावाकडचा पोरगा सुट्टीला आला की पारावर खोलीचं भाडं सांगतो. आकडा ऐकून म्हातारे विचारतात, “अन् एवढं देऊन खोलीत पाणी किती वेळ येतं?”