बत्तीस खोल्यांचा इंट

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या कार्यक्रमाला यंदा आयटम दहा आणि रुसवे अकरा. आधी कोण, मागून कोण, यावर बैठक मध्यरात्रीला टेकली. कॉम्प्युटरवर पोट भरतो, एवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "होतील तेवढे सगळे क्रम काढतो, मग चिठ्ठी उचला."

जावामध्ये चार ओळी खरडल्या. एक गुणिले दोन गुणिले तीन, असं दहापर्यंत; याला फॅक्टोरियल म्हणतात. उत्तर ३६,२८,८००. कुणी दचकलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "हा तर लीलावतीतला शंकर! दहा हात, दहा आयुधं, कुठल्या हातात काय? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला हाच आकडा दिलाय. विष्णूला हात चारच, म्हणून तो चोवीसात सुटला."

तेवढ्यात लेझीम, भावगीत आणि कुणाच्या तरी जावयाचा तबला घुसला. आयटम तेरा. मी ऐटीत एंटर दाबलं : १,९३,२०,५३,५०४.

खजिनदारकाकांची हयात गिरणीच्या हिशेबखात्यात गेलेली. ते एवढंच म्हणाले, "मधे कुठे दहाने गुणलंयस ना?"

"हो."

"मग शेवटी चार कसे रे?"

खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. जावातला 'इंट' म्हणजे बत्तीस खोल्यांची चाळ. २,१४,७४,८३,६४७ च्या वरचा आकडा तिथे मावत नाही. उरलेलं बिऱ्हाड गॅलरीतून खाली पडतं आणि यंत्र हूं की चूं करत नाही. सतरा आयटम असते, तर उत्तर उणे अठ्ठावीस कोटींच्या घरात गेलं असतं. म्हणजे गेल्या वर्षीचेही कार्यक्रम परत करावे लागले असते! मी निमूटपणे 'लाँग' घातला. पुनर्विकास. चौसष्ट खोल्या.

तोवर जिन्यात बसलेल्या बायकांनी निकाल लावलासुद्धा. बालवाडीची पोरं नऊला पेंगतात, ती आधी. लेझीमवाल्यांना उद्या पहिली पाळी, ते त्यांच्यामागोमाग. काकूंचं भावगीत नाटकाच्या अगोदर, नंतर त्यांना श्रोते उरत नाहीत. सहाशे बावीस कोटींतून दोन मिनिटांत एकच यादी उरली.

मी लॅपटॉप मिटणार, तोच टोकाच्या खोलीतला पोरगा दारात उभा. "माझी मिमिक्री राहिली."

माझा हात कीबोर्डकडे गेला.

"राहू दे तुझं यंत्र," काका म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढून कागदावर मांडू लागले : गुणिले चौदा.