पोलादपंत

पोलादपंतांशी ओळख झाली की पाच मिनिटांत ते तुमच्या खिशातला चाकू मागतात. नसेल तर कीव करतात; असेल तर जास्तच. पाते उघडून नखावर हलकेच टेकवायचे, मिटताना होणारा ‘टक्’ कानाशी धरून ऐकायचा आणि डॉक्टरच्या गांभीर्याने सांगायचे, “स्प्रिंग मऊ आहे.”

निवृत्तीनंतर घडीचे चाकू स्वतःच्या हाताने करायचे, असे पंतांनी ठरवले. तेव्हापासून बोहरी आळीतले दुकानदार त्यांना लांबून पाहिले की आधी चहा सांगतात. प्रकरण लवकर आटपणार नसते.

वीतभरही नसलेल्या वस्तूत प्रत्येक भागाचा नखरा वेगळा. पात्याला ईएन-31 घ्यावे, तर ते बेअरिंगचे पोलाद. धार सुरेख धरते, पण लिंबू कापून न पुसता ठेवले की डाग पडलाच. डी-टूमध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या घरात, गंज उशिरा चढतो, पण धार लावताना घाम काढते. 440-सी आणखी कमी गंजते, मात्र पंतांना ते ‘फार गुळगुळीत स्वभावाचे’ वाटते. ही तक्रार धातुशास्त्रात बसत नाही, पण बोलणार कोण? पाते रॉकवेलवर 58 ते 60 हवे. स्प्रिंगही तितकीच कडक ठेवली तर काडकन मोडेल, म्हणून तिला पाणी दिल्यावर पुन्हा तापवून बरीच खाली उतरवायची. खिळा तर मऊच हवा. ठोकल्यावर त्याचे डोके पसरले पाहिजे. वॉशर फॉस्फर ब्रॉन्झचे. आतल्या पट्ट्या टायटॅनियमच्या कराव्यात? हलके, गंजत नाही; पण टायटॅनियमवर टायटॅनियम घासले की दोघे एकमेकांना ओरबाडतात आणि वर चिकटूनही बसतात. “भावकी!” म्हणून पंत पितळेकडे वळतात.

यातले बहुतेक सगळे खरे असते, हीच पंचाईत. चुकत असते तर हसून सोडून देता आले असते.

मुठीच्या टोकांना जर्मन सिल्व्हर आणले, तेव्हा काकूंना वाटले घरात चांदी आली. त्यात तांबे, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नसते, हे पंतांनी त्यांना पाहुण्यांसमोर समजावले.

लग्नाच्या पंगतीतही त्यांच्या खिशात लोहचुंबक असतो. चमचा चिकटला नाही की शेजाऱ्याला सांगणार, “304 दिसतंय. लालभडक तापवून पाण्यात बुडवा, कडक व्हायचं नाही. पात्याला कुचकामी!” शेजारी बिचारा मठ्ठ्याची वाट पाहत असतो.

परवा त्यांच्याकडे बसलो असताना कुरिअर आले. नव्या पट्ट्यांचे जड खोके, चहूबाजूंनी चिकटपट्टी.

“काढा की चाकू,” मी म्हणालो.

“चिकटपट्टीवर? डी-टू आहे तो!”

पंतांनी स्कूटरची किल्ली काढली आणि खोके खरवडायला घेतले. बराच वेळ झाला, पट्टी हटेना. शेवटी किल्ली उजेडात धरून त्यांनी डोळे बारीक केले.

“पितळ,” ते म्हणाले, “आणि तेही हलकं.”