मुक्काम लेडव्हिल, स्मशान

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी हे वाच : परत आल्या आल्या सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळ केली आहे. आता पुढचं निवांत वाच.

जोडून सुट्टी आली की लोक समुद्रावर जातात. तुझ्या जावयांनी आम्हाला डेन्व्हरहून थेट स्मशानात नेलं! लेडव्हिल हे कोलोरॅडोतलं चांदीच्या खाणींचं जुनं गाव. उंची दहा हजार फुटांच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. जावईबापू प्रत्येक थडग्यापुढे मान खाली घालून उभे राहत होते. मला वाटलं श्रद्धा, निघाली धाप.

एव्हरग्रीन सेमेटरी १८७९ची. पाइनच्या झाडीत कॅथलिक वेगळे, ज्यू वेगळे, पैसे भरलेले वेगळे, फुकटवाले वेगळे. तुमचा नातू म्हणाला, "इथेही सोसायटीची मेंबरशिप लागते?"

टेक्सास जॅक नावाचा नाटकातला नामांकित काउबॉय इथे १८८० साली न्यूमोनियाने गेला. त्याच्या थडग्यावर दगड बसवला तो त्याचा दोस्त बफेलो बिलने, १९०८ साली. बाबा, मित्राने नेलेली तुमची छत्री अजूनही परत येऊ शकते.

फुकटच्या भागात मात्र दगडच नाहीत. झाडांखाली नुसते खचलेले खळगे, तेराशेच्या वर. बहुतेक आयरिश खाणकामगार आणि त्यांची पोरंबाळं. चांदी यांनी उपसली, हवेल्या मालकांच्या उठल्या. नावांचं स्मारक झालं ते आत्ता कुठे. तिथे नातवाचीही बडबड थांबली.

आणि बाबा, या गावाच्या पडझडीत आपल्या मुंबईचाही हात आहे बरं का! तोवर कुणीही चांदी आणून द्यावी आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीने तिचे रुपये पाडून द्यावेत, अशी सोय होती. जून १८९३मध्ये इंग्रज सरकारने ती बंद केली. चांदीचं एक मोठं गिऱ्हाईकच उठलं. चार दिवसांत भाव गडगडला आणि इथल्या खाणींना टाळी लागली. पुढे अमेरिकन सरकारनेही चांदीची खरेदी थांबवली. होरेस टेबर नावाचा इथला चांदीसम्राट त्याच साली भिकेला लागला.

तेव्हा यंदा धनत्रयोदशीला सराफाशी घासाघीस जरा बेतानं करा. तुमच्या हट्टापायी इथलं आणखी एखादं गाव बसायचं!

तुमची लाडकी,
लेक