सोवळ्यातला लेथ

पिंपरी-चिंचवडला, नाशिकच्या सातपुरात किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या आसपास एखाद्या बंगल्याची गाडी बाराही महिने रस्त्यावर उन्हात उभी असेल आणि गॅरेजला मात्र दोन-दोन कुलपं असतील, तर तिथे लेथवाले काका राहतात असं खुशाल समजावं. हे काका उभा जन्म कुठल्यातरी कंपनीच्या टूलरूममध्ये घालवून निवृत्त झालेले असतात. फंडाचे पैसे आले तेव्हा मुलांनी युरोप सुचवलेला असतो, काकूंनी काशी. काका मात्र टेंपोतून लेथ घेऊन येतात. हरिहरला झालेला जुना म्हैसूर किर्लोस्कर मिळाला तर भाग्य थोर, नाहीतर बटाला किंवा राजकोटचा. तो उतरवायला पाच माणसं लागतात आणि काकूंचा अबोला संपायला त्याहून बराच जास्त वेळ.

काका तसे पुरोगामी. तरुणपणी युनियनमध्ये होते, एकादशीला ऑम्लेट खात होते आणि आईच्या सोवळ्याओवळ्याची त्यांनी येताजाता टिंगल केली होती. आता त्याच काकांच्या गॅरेजमध्ये असं कडक सोवळं चालतं की आई असती तर तिनेही हात जोडले असते. लेथ सोवळ्यात. ग्राइंडर ओवळा. ग्राइंडरला हात लावून कोणी लेथला शिवलं की लेथ बाटला.

यात वेडेपणा आहे, पण शास्त्रही आहे आणि काका ते शास्त्र ऐकवल्याशिवाय चहा येऊ देत नाहीत. ग्राइंडरचा करडा दगड म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा 10, तर हा 9. साठ नंबरच्या दगडाचा अख्खा कण साधारण पाव मिलिमीटरचा, तो निदान डोळ्यांना दिसतो. त्याचे तुकडे होत होत काही मायक्रॉनवर आले की ते हवेत तरंगतात आणि सावकाश, निवडून निवडून, लेथच्या बेडवर उतरतात. बेड बिडाचा. त्यावर सॅडल सरकतं. दोघांच्या मध्ये तेल. तेलात हा कण शिरला की पुढचं वर्णन काका आवाज खाली आणून करतात.

“तेलात दगडाची भुकटी मिसळली की काय तयार होतं, ठाऊक आहे? व्हॉल्व्ह घासायची पेस्ट! गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात डबीत विकत मिळते. लोक घरच्या घरी फुकट बनवतात आणि बेडला चोळतात.”

त्यातही सगळ्यात कपटी भाग असा की कण मऊ धातूत रुतून बसतो आणि समोरच्या कठीण धातूला खातो. म्हणजे हाफ नट ब्राँझचा, लीडस्क्रू पोलादी, आणि झिजणार पोलाद. हे सांगताना काकांची नजर नकळत धाकट्या जावयाकडे जाते. जावई स्वभावाने मऊ आहे.

काकांच्या शत्रूंच्या यादीत एडवर्ड अ‍ॅचेसन हे नाव वरच्या बाजूला आहे. या अमेरिकन गृहस्थाने 1891 च्या सुमारास चिकणमाती आणि कोक विजेवर तापवताना सिलिकॉन कार्बाइड शोधून काढलं. कार्बाइडच्या टूलला धार लावायचा हिरवा दगड त्याचाच. हा दगड करड्यापेक्षा लवकर झडतो आणि जास्त धूळ करतो, म्हणून हिरव्या दगडाचा ग्राइंडर गॅरेजमध्ये तर नाहीच, घराच्या मागे तगरीच्या झाडाखाली पत्र्याच्या पेटीत आहे. पावसाळ्यात काका छत्री धरून धार लावतात. दगडाचं तोंड सरळ करायला हिऱ्याचा ड्रेसर लावतात तेव्हा तर धुळीचा लोटच उठतो. त्या दिवशी शेजारच्या दोऱ्यांवर कपडे वाळत असू नयेत अशी शेजाऱ्यांची अपेक्षा असते, कपड्यांसाठी. काकांची मात्र ते असावेत अशी, वाऱ्याची दिशा समजावी म्हणून. दोरीवरची साडी गॅरेजकडे झुकली की कार्यक्रम रद्द.

धार लावून झाली की हात धुणं, शर्ट बदलणं, चपला दाराबाहेर. केसांतून धूळ येते म्हणून टोपी, आणि ती टोपीही बाहेरच. लेथवर प्लास्टिकचा कागद, त्याखाली जुनी चादर, त्याखाली वर्तमानपत्र. स्वतःच्या नाकावर मात्र खिशातला रुमाल. “मशीनला तीन पदर आणि फुप्फुसांना अर्धा,” असं काकू म्हणतात. या एका मुद्द्यावर मी पूर्णपणे काकूंच्या बाजूचा आहे.

पाहुणे अडाणी असतात. परवा एक इंजिनिअर भाचा उत्साहाने कॉम्प्रेसरची नळी घेऊन बेडवर हवा मारायला निघाला. काका असे ओरडले की समोरच्या दवाखान्यातला पेशंट बाहेर आला. हवा मारली की धूळ जात नाही, फटीत जाते. सॅडलच्या टोकाला जे फेल्टचे वायपर असतात, त्यांच्याही पलीकडे जाऊन मुक्काम करते. दुसऱ्या एकाने पिशवीत लोहचुंबक घालून फिरवला, वर लोखंडाची काळी दाढी आली आणि तो विजयी मुद्रेने बघू लागला. काकांनी त्याला खुर्ची दिली. “लोखंड आलं तुमच्याकडे. दगडाच्या कणाला लोहचुंबकाचं काय? खरा गुन्हेगार बेडवरच बसून हसतोय.”

खंडेनवमीला तर धर्मसंकट. वर्षातून एकदा हत्यारांची पूजा, काकू हळदकुंकू आणि रांगोळी घेऊन येतात. हळदकुंकू काकांना चालतं, तेही तेल पुसलेल्या जागी, हेडस्टॉकच्या कपाळावर. रांगोळीचं मात्र परीक्षण होतं. चिमूटभर घेऊन काचेच्या तुकड्यावर बोटाने घासायची. शिरगोळ्याची असेल तर ओरखडा उठत नाही. गार मिसळलेली असेल तर उठतो आणि रांगोळी फाटकाबाहेर जाते. एका वर्षी रांगोळी पास झाली, तरी काकांनी ती तांदळाच्या पिठाचीच काढायला लावली. मग मुंग्या आल्या. मुंग्या चालतात, त्या मऊ असतात.

एवढ्या सोवळ्यातही एक प्रसंग असा आला की ओवळ्याला देवघरात घेणं भाग पडलं. लेथचा सेंटर थोडा डगमगत होता. साठ अंशांचं ते टोक अगदी मध्यावर फिरायला हवं, तर ते स्पिंडलमध्ये बसवूनच, टूलपोस्टवर छोटा ग्राइंडर बांधून घासावं लागतं. म्हणजे बेडच्या डोक्यावरच दगड! काका आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग मुहूर्त ठरला. बेडवर ओला कागद अंथरला, कारण ओल्यात धूळ बसते. कापड नाही, कापड चकात किंवा लीडस्क्रूत गुंडाळलं गेलं तर हात ओढून नेतं, कागद बिचारा फाटतो. रविवारच्या पुरवण्या जाड म्हणून त्या राखून ठेवलेल्या. पण ओल्या कागदाखाली बिडाला गंज चढतो, म्हणून आधी तेल. आणि तेलाला धूळ चिकटते, म्हणून नंतर सगळं पुसून पुन्हा नवं तेल. दगडामागे व्हॅक्यूमची नळी, पण व्हॅक्यूमच्या पिशवीतला लाकडाचा भुगा आधी काढलेला, नाहीतर ठिणगी गेली की पिशवी पेटणार. तयारी सकाळभर. प्रत्यक्ष घासणं वरणाला फोडणी देण्याइतका वेळ. आवरणं दिवेलागणीपर्यंत. डायल लावून बघितलं, काटा हललाच नाही. काकांनी काकूंना हाक मारून न हलणारा काटा दाखवला. काकूंनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “बंद पडलाय का?”

इतकं जपल्यावर लेथवर काय होतं, हा प्रश्न माणसाने विचारू नये, पण मी विचारला. मिक्सरची एक बुशिंग आणि नातवाचा भोवरा एवढं नक्की झालं आहे. भोवरा उत्तम फिरतो. फक्त अंगणात फिरवायला बंदी आहे, आर झिजते म्हणून.

मागच्या महिन्यात समोरचे शेजारी पंपाचा शाफ्ट घेऊन आले. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर घातलेला, तेवढा टर्न करून हवा होता, तासाभराचं काम. काकांनी शाफ्ट हातात घेतला, चष्मा वर केला, वेल्डिंगवर नख ओढलं. खाली वर्तमानपत्रावर खवल्यासारखं काहीतरी पडलं. काकांनी वर्तमानपत्राची चारही टोकं उचलून पुडी बांधली, शाफ्टसकट शेजाऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “भोसरीत माझ्या ओळखीचं वर्कशॉप आहे, चिठ्ठी देतो. रिक्षाचे पैसे हवे तर माझ्याकडून घ्या.”