रान मोकळं, सातबारा संपला

रान पडीक आहे, पण सातबाऱ्याचे कोरे कागद संपले म्हणून खरेदी होणार नाही, असं कोणी सांगितलं तर हसनाबादेतून भोकरदनपर्यंत मोर्चा निघेल. हेच लिनक्सने सांगितलं की माणूस मुकाट्याने डिस्क पुसायला बसतो.

लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, म्हणजे तिचा सातबाराच. मालक, परवानग्या, आकार, मजकूर डिस्कवर कुठे पडलाय, सगळं त्यात. (फाइलचं नाव तेवढं नाही, ते डिरेक्टरीकडे.) आयनोड किती, हे फॉरमॅट करतानाच ठरतं. रूढ हिशेब १६,३८४ बाइटमागे एक. म्हणजे १ टेराबाइटला सुमारे ६ कोटी १० लाख. प्रत्येकी २५६ बाइट धरले की साडेपंधरा गीगाबाइट नुसत्या नोंदींत गेले.

हे पाहून आपल्यातला काटकसरी जागा होतो आणि फॉरमॅट करताना ‘लार्जफाइल’ हा पर्याय निवडतो: १०,४८,५७६ बाइटमागे एकच. लग्नाच्या व्हिडिओंना झकास. पण त्याच डिस्कवर सेवा केंद्रातले चिमुकले स्कॅन, थंबनेल आणि कॅशे साचले की साडेनऊ लाख फाइलींत खेळ खलास. ‘डीएफ’ ही कमांड सांगते, भरपूर जागा आहे. फाइल मात्र बनत नाही. खरं ऐकायचं तर ‘डीएफ -आय’ विचारावं लागतं, आणि ते कोणी आधी विचारत नाही.

एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम गरजेप्रमाणे आयनोड काढून देते, हे खरं. फक्त तिला आकसायला सांगितलं की ती बहुतेक वेळा कानावर हात ठेवते.