श्री. दीडवर्षे

आमच्या वाकडच्या सोसायटीत त्याला सगळे दीडवर्षे म्हणतात. सहस्रबुद्धे, अष्टपुत्रे यांच्या रांगेत हे आडनाव इतकं सहज खपतं की नव्या वॉचमनने पार्किंगच्या रजिस्टरात तसंच लिहून ठेवलंय. कुठल्याही कंपनीत दीड वर्षाच्या वर हा टिकत नाही, म्हणून दीडवर्षे. हिंजवडी फेज वन, मग फेज थ्री, मग खराडी, मगरपट्टा, फिरून हिंजवडी. घर मात्र वाकडलाच.

त्याच्या दारामागे एक खुंटी आहे. कंपनी सोडताना आयकार्ड परत द्यावं लागतं, गळ्यातली पट्टी कोणी मागत नाही. त्या सगळ्या पट्ट्या तिथे लोंबतात; निळी, भगवी, जांभळी, एक पोपटी. स्वयंपाकघरात कंपन्यांच्या नावाच्या स्टीलच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. छातीवर ‘वेलकम टू द फॅमिली’ छापलेला एक टी-शर्ट सध्या मोरीपुढे पायपुसणं म्हणून रुजू आहे. त्याची आई त्यावर पाय पुसत मला म्हणाली, “कापड काय सुरेख होतं हो त्या कंपनीचं! तिथे जरा राहायला हवं होतं यानं.”

दीडवर्षे आळशी आहे असं कोणी समजू नये. राजीनामा दिल्यानंतरच्या नव्वद दिवसांत तो जितकं राबतो तितकं आयटीत क्वचितच कोणी राबत असेल. पहिल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं की ते दाखवून दुसरीकडे भाव वाढवायचा, दुसरीचं दाखवून तिसरीकडे. दुपारी दोन ते चार ‘डॉक्टरकडे’ असायचं. जुन्या मॅनेजरने काउंटर ऑफर दिली तर डोळ्यांत पाणी आणून “विचार करतो सर” म्हणायचं आणि तो आकडाही चौथीला कळवायचा. जिथे जायचं नाही तिथे त्याच्या नावाचा लॅपटॉप तयार असतो, बिचारी एचआरची मुलगी सकाळपासून फोन लावत असते आणि याचा फोन ‘आउट ऑफ कव्हरेज’. वाकडमध्ये!

मुलाखतीत तो अजिंक्य आहे. “पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?” या प्रश्नाला तो पापणी न हलवता “इथेच” म्हणतो.

केटी, म्हणजे कामाची माहिती पुढच्याच्या हवाली करणं, हा त्याचा खास प्रांत. आल्यावर सहा महिने केटी घ्यायची, जाताना तीन महिने द्यायची. आहेरात आलेली साडी घडी न मोडता पुढच्या लग्नात द्यावी, तशी ती केटी आल्या घडीनिशी पुढे जाते. निरोपाची ईमेलही एकदाच लिहून ठेवलेली आहे. ‘इथले ऋणानुबंध आयुष्यभर विसरणार नाही’ वगैरे. एकदा त्यात आधीच्या कंपनीचं नाव बदलायचं राहिलं. त्याच्या कारकिर्दीत शेवटपर्यंत वाचली गेलेली ती एकमेव ईमेल.

आता खरं सांगायचं तर हिशेबात दीडवर्षे चुकत नाही. जागेवर बसून राहणाऱ्याला अप्रेझलमध्ये आठ टक्के आणि एक प्रशस्तिपत्रक मिळतं. शेजारच्या खुर्चीत बाहेरून आलेला, त्याच्याकडूनच काम शिकणारा, तीस टक्के जास्त घेऊन बसतो. २०२२च्या एप्रिल ते जून तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीत सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. त्या दिवसांत दीडवर्षे आमच्या कट्ट्यावर एखाद्या महंतासारखा बसायचा आणि आजूबाजूची पोरं रेझ्युमे घेऊन दर्शनाला यायची.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ग्रॅच्युइटीच्या कायद्याने सलग पाच वर्षं काढणाऱ्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. याची नोकरी झाली चौदा वर्षं आणि ग्रॅच्युइटी शून्य. वनवासातून परतणाऱ्याला निदान राज्य तरी मिळालं होतं. पीएफचं तेवढं बरं. २०१४ साली यूएएन आला म्हणून खाती एका नंबराखाली आली, नाहीतर याचा पीएफ शोधायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता. एका वर्षी तर नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील द्यायचा फॉर्म यानं कोराच ठेवला. दोन्हीकडच्या अकाउंट्सवाल्यांनी वर्षाचा पहिला रुपया आपणच देतोय असं समजून स्टँडर्ड डिडक्शनसकट सगळी सूट दिली. जुलैत सीएने दोन फॉर्म सोळा शेजारी शेजारी ठेवले आणि याला पाणी मागवलं. जॉइनिंग बोनस त्यातच गेला.

माझी तक्रार पैशांची नाही. पहिलं वर्ष शिकण्यात जातं, दुसऱ्यात काहीतरी उभं राहतं आणि आपण केलेल्या चुका आपल्याला शोधत येतात त्या तिसऱ्यात. तोवर दीडवर्ष्यांनी पत्ता बदललेला असतो. चौदा वर्षांत त्यांचं स्वतःचं एकही काम मोडताना त्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे आपलं काही मोडत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

मग २०२३ उजाडलं, भरती आटली आणि दीडवर्षे जिथे होता तिथेच अडकला. दोन वर्षं झाली. कँटीनवाला त्याला न विचारता बिनसाखरेचा चहा देऊ लागला, याचा त्याला धसका बसला. अप्रेझलचा फॉर्म आला, त्यात ‘गेल्या वर्षी ठरवलेली उद्दिष्टं’ असा रकाना होता. दरवर्षी मोठमोठी उद्दिष्टं लिहिणं त्याला माहीत होतं. ती कोणी जपून ठेवतं आणि वर्षाने विचारतं, हे नवीन होतं.

“मग काय सांगितलंस मॅनेजरला?” मी विचारलं.

“काही नाही, काका. मॅनेजरच नोटीस पिरियडवर होता. त्यालाही ती उद्दिष्टं माहीत नव्हती. दहा मिनिटं दोघं फॉर्मकडे बघत बसलो.”

“आणि उरलेला वेळ?”

“तिकडे काय पॅकेज मिळालं ते विचारलं. रेफर करतो म्हणालाय.”