आडव्या सायकलस्वाराचं सरळ पत्र

प्रति,
माननीय नियमकर्ते,
आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ,
मु. एग्ल, स्वित्झर्लंड.

विषय : १९३४ सालच्या बंदीबद्दल आभार आणि ती न उठवण्याची विनंती.

महोदय,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बंगळुरूहून कोल्हापूरपर्यंत सायकलनं जायचं घाटतंय. बरोबर तंबू, स्टोव्ह, दोन जोड कपडे, पंक्चरचं सामान आणि आईनं ‘असू दे’ म्हणून कोंबलेला मेतकुटाचा डबा, असं सगळं मिळून वीसेक किलो. एवढं ओझं घेऊन दिवसभर साध्या सायकलीच्या सीटवर बसलं की तळहात बधिर होतात, मान आखडते आणि ज्या अवयवाचा उल्लेख सरकारी पत्रव्यवहारात करत नाहीत, तो रात्री झोपू देत नाही. म्हणून रिकम्बंट घ्यायचं ठरवलं. पाठ टेकायची, पाय पुढे ताणायचे आणि पेडल मारायचं. ठरवल्याबरोबर पहिली आठवण आपली झाली.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्यानं शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले. ऑस्कर एग यांचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कुणाला हलवता आला नव्हता. दुसऱ्या फळीतला माणूस पहिल्या फळीला मागे टाकतो, म्हणजे खोट सायकलीतच असणार, हे आपण अचूक ताडलंत. पुढच्याच वर्षी आपण सायकल कशाला म्हणावं हेच ठरवून टाकलंत. सीटचं टोक पेडलच्या अक्षामागे १२ सेंटिमीटरपर्यंतच चालेल, त्यापलीकडे बसणाऱ्यानं खुशाल बसावं, पण त्याच्या वाहनाला सायकल म्हणू नये. हरलेल्यांची अशी काळजी घेणारी संस्था विरळाच.

बंदी शर्यतीपुरतीच आहे, हे मान्य. मेतकुटाच्या डब्याला शर्यतीशी काय देणंघेणं? पण दुकानात टांगलेली असते ती शर्यत जिंकणाऱ्यांच्या घराण्यातलीच सायकल. आमच्या शहरात कित्येक लाखांची कार्बनची सायकल रविवारी पहाटे नंदी हिल्सला नेऊन, कॉफी पिऊन घरी आणणारे रग्गड आहेत. आडवी सायकल मागितली, की दुकानदार आधी माझ्या कमरेची चौकशी करतो. परदेशातून मागवावी, तर २०२३च्या अर्थसंकल्पानं सायकलींवरचं आयातशुल्क ३० वरून ३५ टक्क्यांवर नेलेलं. एवढे पैसे मोजायचे म्हटल्यावर मनुष्य आपोआप विचारी होतो, आणि त्या विचारात वेगाचा मुद्दा मुळी येतच नाही. हेही आपलेच उपकार.

तर तीन स्थळं सांगून आली.

पहिलं लांबलचक. पुढचं चाक पायांच्याही पुढे. स्वभावानं शांत, हायवेवर एकदा लागली की सुतासारखी सरळ जाते. पण चिकपेटच्या गल्लीत वळवायची तर आधी समोरच्या दोन दुकानदारांची संमती हवी. रेल्वेच्या पार्सल डब्यात चढवताना हमाल ती वरपासून खालपर्यंत बघतो आणि दर सांगतो.

दुसरं आखूड. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे. चपळ, वळायला सोपी. पण सगळं ओझं मागच्या कॅरिअरवर लादलंत, तर चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटू लागतं. म्हणून बॅगा सीटच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये अडकवायची सोय आहे का, हे किंमत विचारायच्या आधी विचारायचं.

तिसरं तीनचाकी. तोलाची भानगडच नाही. घाटात मुंगीच्या पावलांनी चढा, दम लागला की जागच्या जागी थांबून शेंगदाणे खा. गुडघे कुरकुरत असतील तर डोळे मिटून हेच घ्यावं. मात्र दुचाकीला खड्डे चुकवायला एक वाट शोधावी लागते, हिला एकाच वेळी तीन. बंगळुरूच्या एका रस्त्यावर खड्ड्यांमधून तीन सलग वाटा सापडणं हा योग पंचांगात नाही.

शिवाय आमच्याकडे हंप, म्हणजे गतिरोधक, असतात. साध्या सायकलीवरचा माणूस हंप दिसला की पेडलवर उभा राहतो आणि धक्का गुडघ्यांवर झेलतो. आडव्याला उठताच येत नाही, त्यामुळे हंपची बातमी थेट मणक्यांना पोचते. म्हणून ताणलेल्या जाळीची सीट हवी आणि टायर चांगले दीड-दोन इंच रुंद हवेत. सिल्क बोर्डच्या सिग्नलला थांबायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवायचा. भरलेली आडवी सायकल जड गिअरवर सुटली की पहिल्या दोन पेडलांत डुलते, आणि मागचा पाण्याचा टँकर डुलणाऱ्यासाठी थांबत नाही. त्या टँकरवाल्याला आपण दिसावं म्हणून पाठीमागे उंच काठीवर झेंडा. कुत्र्यांना झेंड्याची गरज नसते. आपण त्यांच्याशी डोळ्याला डोळा भिडवूनच चाललेले असतो, तेही पाय पुढे करून. मग कुणीतरी स्कूटर शेजारी आणून ‘इदेनु सार?’ (हे काय, सर?) विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत फोटो काढतो.

शहर सुटलं की परीक्षा घेतो तो सिरा-हिरियूरकडचा सायकलवाला. आपल्या वीस इंची चाकाच्या टायरवर ४०६ हा आकडा असेल, तर पोरांच्या सायकलीचा टायर त्याच्याकडे लटकलेला असतो आणि तो बसतो. ४५१ असेल, तर ते चाकही वीस इंचीच म्हणवतं, पण पोरांचा टायर त्याच्यावर काही केल्या चढत नाही. साखळी साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब, म्हणून चार जादा कड्या आणि साखळी तोडायचं हत्यार बॅगेत. चढावर उभं राहून जोर लावता येत नाही, म्हणून पुढची छोटी चकती २२ दातांची आणि मागची मोठी ३४-३६ची. पाय पेडलवरून निसटून जमिनीला लागला, तर सीटखाली ओढला जाऊन घोटा जायबंदी होतो, म्हणून पेडलला अडकणारे बूट.

एवढी कटकट कशासाठी? आषाढात चित्रदुर्गच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तो पश्चिमेचा वारा कोल्हापूरकडे निघालेल्याच्या तोंडावर येतो. ताठ बसणारा तो छातीवर घेतो, वर त्याच्या बॅगाही दोन्ही बाजूंनी शिडासारखा वारा धरतात. आडव्याची छाती वाऱ्याच्या खालून निघून जाते आणि बॅगा सीटच्या आडोशाला बसतात. संध्याकाळी मान शाबूत, तळहात शाबूत. तेवढ्या शिल्लक ताकदीवर माणूस हायवे सोडून चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरेला जातो आणि शहाजीराजांच्या समाधीपुढे बसतो. बंगळुरूच्या जहागिरीत नांदलेला तो मराठी माणूस १६६४ साली तिथेच गेला. कुठल्याही घड्याळात न मोजली जाणारी ही वाट आहे, आणि ओझ्याची सायकल अशाच वाटांसाठी घ्यायची असते.

सारांश, आमची पसंती आखूड सायकलीला : सीटखाली बॅगा, ४०६ची चाकं, वर झेंडा.

आता विनंती. आडव्या सायकलींना शर्यतीत पुन्हा घ्यावं, असा आग्रह आपल्याकडे कुणी धरला तर कृपया दाद देऊ नये. आपण दार उघडलंत की ती हलकी होईल, कार्बनची होईल. मग मडगार्ड जाईल, कॅरिअर बसवायची भोकं दोन ग्रॅम वाचवण्यासाठी बुजवली जातील, टायर बोटाएवढे होतील. आणि वीस किलो घेऊन निघालेल्यानं पुन्हा दुसऱ्याच्या घाईसाठी घडवलेल्या सायकलीवर बसायचं. नव्वद वर्षं आपण या सायकलीकडे पाठ फिरवलीत, म्हणूनच ती ओझी वाहणाऱ्यांच्या हाती राहिली.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, बंदी असावी.

आपला नम्र,
बंगळुरूतला एक ओझेवाला